कोशाला आडवे प्रश्न

कोणताही इंग्रजी शब्दकोश उघडा, तो एकाच प्रश्नाचे उत्तर चटकन देतो : अमुक अक्षराने सुरू होणारा शब्द कोणता? पहिले अक्षर, मग दुसरे, मग तिसरे अशा क्रमाने गेलात तर लाखभर शब्दांतून हवा तो अर्ध्या मिनिटात सापडतो. आता प्रश्न जरा आडवा विचारून पाहा. एच आणि क्यू शेजारी-शेजारी येतात असा शब्द कोणता? डब्ल्यू, के, डब्ल्यू हा गुंता कोणत्या शब्दाच्या पोटात आहे? वर्णमालेत ओळीने येणारी आर, एस, टी, यू ही चार अक्षरे एखाद्या शब्दात त्याच ओळीने सापडतील का? कोश तोच, शब्दही त्यात छापलेलेच. पण आता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवण्यावाचून गत्यंतर नाही. उत्तरे काही दुर्मिळ नाहीत. अर्थक्वेक, ऑकवर्ड आणि अंडरस्टडी. पहिले दोन तर शाळकरी मुलांनाही येतात. तरी या वाटेने गेले की भल्याभल्यांना ते सुचत नाहीत.

हे पुस्तक अशा आडव्या प्रश्नांचे आहे. हाताशी चार-सहा अक्षरे आहेत, ती पोटात घेऊन बसलेले इंग्रजी शब्द हुडकून काढायचे आहेत, ते कसे? माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो : ही शब्दसंग्रहाची परीक्षा नव्हे, मांडणीची आहे. ज्याचे इंग्रजी उत्तम त्याला हे जमेलच असे नाही आणि ज्याला जमते त्याचे इंग्रजी उत्तम असेलच असेही नाही.

पटत नसेल तर नायजेल रिचर्ड्सकडे पाहा. मूळचा न्यूझीलंडचा, मलेशियात स्थायिक झालेला हा माणूस इंग्रजी स्क्रॅबलचे विश्वविजेतेपद अनेकदा जिंकला आहे. त्यातले पहिले त्याने २००७ साली मुंबईत भरलेल्या स्पर्धेत मिळवले. २०१५ साली तो बेल्जियममध्ये फ्रेंच स्क्रॅबलच्या स्पर्धेत उतरला आणि तीही जिंकला. फ्रेंच त्याला बोलता येत नव्हते. नऊएक आठवडे बसून त्याने फ्रेंच खेळाचा कोश डोक्यात भरला होता, अर्थांच्या फंदात न पडता. २०२४ साली स्पेनमधल्या ग्रनाडा इथे स्पॅनिशच्या बाबतीतही त्याने हेच केले. रिचर्ड्स अचाट आहे, त्याचे सोडून देऊ. थायलंडचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तिथे इंग्रजी घरात बोलत नाहीत, आणि इंग्रजांचे राज्यही तिथे कधी नव्हते. तरी २००३ साली पानुपोल सुज्जायाकोर्न आणि २००९ साली पाकोर्न नेमित्रमानसुक हे दोन थाई खेळाडू इंग्रजी स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले. मराठी शाळेत शिकलेल्या कुणी ‘आपले इंग्रजी कच्चे’ म्हणून हे पुस्तक दुकानात परत ठेवू नये, एवढ्यासाठी ही नावे आधी घेतली.

आपली अडचण वेगळीच आहे. भेंड्या खेळून वाढलेल्या माणसाची आठवण आद्याक्षराला बांधलेली असते. ‘र’ आला की दहा गाणी ओठांवर येतात. पण ज्या गाण्याच्या पहिल्या ओळीत मधोमध कुठेतरी ‘ढ’ आहे असे गाणे म्हणा, असे म्हटले की सगळी मैफल गप्प. गाणी येत नसतात असे नाही. त्या बाजूने ती कधी लावूनच ठेवलेली नसतात.

आपल्याकडच्या जुन्या कोशकारांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. अमरकोश लावला आहे विषयवार : स्वर्ग, दिशा, काळ असे वर्ग. मेदिनीकोशात अनेकार्थी शब्द शेवटच्या व्यंजनावरून लावले आहेत. आधी कान्त, मग खान्त, मग गान्त. यमक जुळवणाऱ्याला याहून सोयीची मांडणी कोणती? इंग्रजीत जॉन वॉकरने १७७५ साली असाच, शब्दांच्या शेपटाकडून लावलेला कोश काढला आणि तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या कवींच्या टेबलावर राहिला. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथल्या मेरियम-वेब्स्टरच्या कचेरीत तर तीन लाखांच्या घरात कार्डे आहेत आणि त्यांवर एकेक शब्द उलट्या स्पेलिंगने टाइप केलेला आहे. ‘लॉजी’ने संपणारे सगळे शब्द एका ठिकाणी हवेत, तर संगणक येण्याआधी दुसरा इलाज नव्हता. कार्डे टाइप करणाऱ्यांच्या डोळ्यांची आणि सहनशक्तीची मला कीव येते, आणि आदरही वाटतो.

शेवटाकडून लावणे ही मात्र अर्धीच वाट झाली. अक्षरे शब्दात कुठेही विखुरलेली असतील तर काय करायचे? याची युक्ती ज्याच्या हातून आपल्यासमोर येते तो माणूस शाळेतल्या विज्ञानातून अनेकांना आठवेल. रॉबर्ट हूकने १६७६ साली एका पुस्तकात चौदा अक्षरांची एक अर्थहीन ओळ छापली : सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी, यू, व्ही. शोध आपला आहे हे नोंदवून ठेवायचे, पण तो काय आहे हे एवढ्यात कुणाला कळू द्यायचे नाही, असा त्यामागचा बेत. दोन वर्षांनी त्याने उलगडा केला. ती अक्षरे एका लॅटिन वाक्याची होती आणि वाक्य होते स्प्रिंगच्या नियमाचे : जसा ताण, तसे बल. हूकने त्या वाक्याची सगळी अक्षरे सुटी केली आणि अकारविल्हे लावून टाकली. आजचे स्क्रॅबलपटू नेमके हेच करतात आणि त्याला अल्फाग्राम म्हणतात.

अकारविल्हे लावण्यात एवढे विशेष काय? सात वेगवेगळी अक्षरे ५,०४० प्रकारांनी मांडता येतात. सेकंदाला एक मांडणी तपासली तरी ८४ मिनिटे गेली. पण अकारविल्हे मांडणी एकच असते. कोशातला प्रत्येक शब्द आधीच तसा मोडून, लावून ठेवला असेल, तर आपणही आपली अक्षरे तशीच लावायची आणि सरळ त्या जागी जायचे. पाच हजार दरवाजे ठोठावायला नकोत. स्टॉप, पॉट्स, टॉप्स, स्पॉट, पोस्ट ही सगळी मंडळी एकाच पत्त्यावर राहतात : ओ-पी-एस-टी.

इथे एक सूचना. या पुस्तकात अक्षरे त्यांच्या नावांनी आणि शब्द देवनागरीत दिले आहेत. देवनागरी उच्चार लिहिते, स्पेलिंग लिहीत नाही. ‘अर्थक्वेक’ पाहून आत एच आणि क्यू खेटून बसले आहेत याचा पत्ताही लागत नाही, आणि ‘पोस्ट’ व ‘स्पॉट’ यांची अक्षरे एकच आहेत हेही नुसते वाचून कळत नाही. तेव्हा शेजारी कागद ठेवा आणि प्रत्येक शब्द रोमन लिपीत एकदा लिहून बघा. मराठीत हा खेळ वेगळ्या नियमांनी चालतो, कारण आपली अक्षरे काना, मात्रा, वेलांटीसकट येतात. मराठी शब्दकोड्याच्या एका चौकटीत ‘स्त्री’ अख्खी मावते. इंग्रजीची २६ अक्षरे मात्र सुटी, कुणाला न चिकटलेली, कुठेही उचलून ठेवावीत अशी. हा सगळा छंद त्या सुटेपणावर उभा आहे.

शोधायला बसण्याआधी प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ठरवावे लागते. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. सी, ए, टी ‘असलेला’ शब्द म्हणजे नेमका कोणता? फक्त या तिघांचा, तर कॅट आणि ॲक्ट, संपले काम. तिघे सलग हवे असतील तर कॅटल, लोकेट, एज्युकेट, व्हेकेशन. क्रम हाच पण मधे इतर अक्षरे चालणार असतील तर कार्पेट, क्लायमेट, चॉकलेट. क्रमही सोडून दिला तर टीचर, फॅक्टरी, स्टमक अशी रांगच लागते. आणि हीच तीन अक्षरे हवी तितक्या वेळा वापरा पण चौथे नको, असे म्हटले की टॅक्टसारखा शब्द पुढे येतो. वर्तमानपत्रातले कोडे, टीव्हीवरचा खेळ, मोबाइलवरचे रोजचे कोडे, सगळी याच पाच-सहा जातींतली असतात, फक्त कपडे बदलून. ब्रिटनमध्ये १९८२ साली चॅनल फोरचे प्रसारण ज्या कार्यक्रमाने सुरू झाले त्या ‘काउंटडाउन’मध्ये नऊ अक्षरे आणि तीस सेकंद देतात, सगळी अक्षरे वापरण्याची सक्ती नाही, जास्तीत जास्त लांब शब्द करायचा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या स्पेलिंग बीमध्ये सात अक्षरे, त्यांतले मधले सक्तीचे, आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा वापरण्याची मुभा. जॉश वॉर्डलच्या वर्डलमध्ये जागेचाही हिशेब येतो, म्हणजे शब्दकोड्याचीच ती सख्खी बहीण.

आता एक उदाहरण जवळून पाहू. स्क्रॅबलच्या पट्टीवर ए, ई, जी, आय, एन, एस, टी अशा सात टाइल आल्या आहेत. नवशिका त्या हलवत बसतो. मुरलेला खेळाडू आधी आय, एन, जी उचलून उजवीकडे सरकवतो, कारण इंग्रजी शब्दाचे हे सर्वांत चालू शेपूट. उरले ए, ई, एस, टी. त्यांतून सीट झाले की सीटिंग मिळाले. ईस्ट झाले की ईस्टिंग, जो नौकानयनातला आणि नकाशांतला शब्द आहे. ईट घेऊन शेवटी एस लावला तर ईटिंग्ज. आता जरा थांबावे लागते. शेपूट लागताना मूळ शब्दाच्या टोकाचा ई गळतो हे ध्यानात घेतले की टीझ आठवतो. त्याचा शेवटचा ई गेला आणि टीझिंग झाले. म्हणजे जो ई पट्टीवर नाही तोही हिशेबात धरायचा. आणि इतके झाल्यावर आपण सरकवलेले आय, एन, जी उचलून पुढे आणायचे : इंजेस्टा, म्हणजे पोटात गेलेले अन्न. हा शब्द शेपटाच्या सवयीमुळेच दिसत नाही. सवय शब्द शोधून देते आणि सवयच शब्द लपवते. सरावाचा पुढचा सगळा भाग हा दुसरा अर्धा ओळखण्याचा आहे.

याच पट्टीतून जी काढला तर एस, ए, टी, आय, एन, ई उरतात. खेळाडूंच्या जगात या सहाजणांचा मोठा मान, कारण वर्णमालेतले जवळपास कुठलेही सातवे अक्षर यांना मानवते. डी आला तर इन्स्टेड, के आला तर इनटेक्स, एल आला तर सेलियंट, एम आला तर इनमेट्स, यू आला तर आँटीज, व्ही आला तर नेटिव्ह्ज, आणि झेडसारखे आडमुठे अक्षर आले तरी झेनिएस्ट. आर आला तर चंगळच : रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर आणि आणखी कितीतरी. म्हणून जाणता खेळाडू सातही टाइल एका दमात लावून मिळणाऱ्या पन्नास जादा गुणांसाठी ही सहा जपून ठेवतो आणि सातव्याची वाट पाहतो. शब्द पाठ करण्याची ही रीत कोशाच्या क्रमाशी काहीही संबंध नसलेली आहे.

कोणती अक्षरे गरीब आणि कोणती श्रीमंत, हे ठरवण्याच्या दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. सॅम्युएल मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याने तारेची लिपी बसवताना छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीकडे पाहिले. ज्या अक्षराचे खिळे जास्त, ते छपाईत जास्त लागते. म्हणून ई ला एकच टिंब मिळाले आणि टी ला एकच रेघ. पुढे न्यूयॉर्क राज्यातला आल्फ्रेड बट्स हा आर्किटेक्ट मंदीत बेकार झाला आणि १९३० च्या दशकात शब्दांचा एक खेळ घडवत बसला. त्याने वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरे मोजून टाइलची संख्या ठरवली : ई च्या बारा, ए आणि आय यांच्या नऊ-नऊ, क्यू आणि झेडची एकेकच. १९४८ साली जेम्स ब्रुनो याने तो खेळ स्क्रॅबल या नावाने बाजारात आणला.

बट्सच्या हिशेबातली माझ्या मते सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे एस. मोजणीप्रमाणे एसच्या टाइल जास्त हव्या होत्या. त्याने चारच ठेवल्या. एस हाती असला की कुणीही दुसऱ्याच्या शब्दाला अनेकवचन करून गुण लाटतो, खेळाची गंमत जाते. पुढे स्पेलिंग बी मांडणाऱ्यांनी त्याच कारणाने एस कोड्यातून काढूनच टाकला. अक्षर फार उपयोगी असेल तर ते खेळाला मारक ठरते, हे आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही. माणूस खेळायला बसला की दिसते. आणखी एक फरक या तक्त्यांत झाकला जातो. चालू लिखाणात टी आणि एच भरमसाट येतात, कारण ‘द’ हा शब्द वाक्यागणिक येतो. कोशात मात्र तो एकदाच येतो. म्हणून शब्द शोधणाऱ्याने वर्तमानपत्राची मोजणी जशीच्या तशी प्रमाण मानू नये.

क्यूची कथा आपल्या फायद्याची आहे. शाळेत शिकवतात की क्यूच्या मागे यू हवाच. स्पर्धांच्या कोशांत त्याला पुष्कळ अपवाद आहेत आणि त्यांतले बरेच अरबी-फारसीकडून आलेले : फकीर, तलाक, निकाब. मराठी वाचकाच्या कानाला यांतले काहीच परके नाही. लाख, क्रोर, घी, घेराव हेही तिथे ग्राह्य धरतात. लंडनच्या खेळाडूला जे शब्द घोकावे लागतात ते आपण दूध-तुपाबरोबर शिकलेलो असतो. स्पेलिंग तेवढे शिकायचे.

यंत्रांचा विषय टाळता येत नाही, तेव्हा थोडक्यात. १९७३ साली बेल लॅबमध्ये केन थॉम्प्सनने ग्रेप नावाची आज्ञा लिहिली. माहीत नसलेल्या जागी टिंबे ठेवून नमुना दिला की ती लाखो ओळींतून जुळणाऱ्या ओळी काढून देते. शब्दकोडे सोडवणारे ती लगेच वापरू लागले असतील तर नवल नाही. जॉन बेंटलीने ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’मध्ये हूकचीच युक्ती प्रोग्रामरांना शिकवली : प्रत्येक शब्दाची अकारविल्हे ओळख बनवा, मग ओळखींवरून सगळी यादी लावा, समान ओळखीचे शब्द आपोआप शेजारी येतील.

मला मात्र आवडते ती मूळ संख्यांची युक्ती, कारण ती सातवीच्या गणितात बसते. प्रत्येक अक्षराला एकेक मूळ संख्या द्या. समजा सी म्हणजे २, ए म्हणजे ३, टी म्हणजे ५, आर म्हणजे ७. शब्द म्हणजे या संख्यांचा गुणाकार. कॅट झाला ३०, ॲक्टही ३०. क्रम गळून पडला. कार्ट म्हणजे २१०. आता कार्टमध्ये सी, ए, टी आहेत का? २१० ला ३० ने नि:शेष भाग जातो, उत्तर ७. म्हणजे तिघेही आहेत आणि वर आर उरला. टॅक्ट म्हणजे १५०. भागाकार ५, म्हणजे एक टी जास्त. भाग गेला नाही तर कुठलेतरी अक्षर कमी. संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या गणितातल्या सिद्धांताचा एवढा खेळकर उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. मुलांना अवयव पाडण्याचा कंटाळा येत असेल तर शिक्षकांनी हे एकदा वर्गात करून बघावे.

हल्ली अक्षरे टाकली की शब्दांची यादी ओकणारी ॲप फुकट मिळतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नैतिक नाही, व्यावहारिक आहे. ती दोनशे शब्द देतात, त्यांतले दीडशे आपण पूर्वी पाहिलेलेही नसतात, आणि दुसऱ्या दिवशी एकही आठवत नाही. खेळ संपल्यावर आपल्याकडून काय निसटले ते तपासायला ती उत्तम आहेत. खेळताना वापरली तर आपण नुसते टंकलेखक.

या पुस्तकात शब्दांच्या मोठ्या याद्या नाहीत. त्या विकत मिळतात आणि दर काही वर्षांनी बदलतात. उत्तर अमेरिकेत एक कोश प्रमाण मानतात, बाकीच्या बहुतेक इंग्रजी स्पर्धांत कॉलिन्सचा, आणि एकीकडे चालणारा शब्द दुसरीकडे बाद होतो. खेळायला बसण्याआधी कोणता कोश प्रमाण ते ठरवून घ्या, म्हणजे भांडणे वाचतील. कुणाला नुसती कोडी सोडवायची असतील तर त्याने तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी बिघडत नाही. गणिताची गोडी असलेल्यांनी आधी पाचवे वाचावे. स्क्रॅबलसाठी हे पुस्तक घेतले असेल तर मात्र लांबलचक शब्दांच्या मागे लागू नका. कॉलिन्समध्ये दोन अक्षरी शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत. ते आधी पाठ करा, रोज दहा. टाइल कुठे लावायच्या हा प्रश्न निम्म्याहून जास्त वेळा तेच सोडवतात.